लाळेची साक्ष

पोलादपूरहून महाबळेश्वराकडे चढणारा आंबेनळी घाट आज आपल्याला एक वळणांचा रस्ता म्हणून माहीत आहे. जुन्या वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले, तर तो एका सरहद्दीवरचा रस्ता आहे. आयुर्वेदाने भूमीचे तीन प्रकार मानले : आनूप, जांगल आणि साधारण. आनूप म्हणजे पाण्याचा, दाट झाडीचा, दमट हवेचा देश. जांगल म्हणजे उघडा, कोरडा, कमी पावसाचा. सावित्रीचे खोरे, म्हणजे पोलादपूर, महाड आणि खाली बाणकोटच्या खाडीपर्यंतचा सगळा मुलूख, आनूप देशाचा नमुनाच म्हणावा लागेल. घाट चढून, महाबळेश्वरचा पाऊस मागे टाकून, वाईवरून पुढे फलटण-माणकडे जावे तसतसा जांगल देश लागतो.

काश्यपसंहितेत अम्लपित्तावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात सांगितले आहे की हा रोग बहुधा आनूप देशात होतो. त्यावर जांगल देशातील औषधे योजावीत. आणि तेवढ्याने शमला नाही तर रोग्याने देशांतर करावे. आमच्या भागापुरता याचा अर्थ असा होतो की घशाशी आंबट येऊ लागले तर घाट चढून पलीकडे राहायला जावे.

मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. महाड-पोलादपूरचा स्थानिक इतिहास जुळवताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. या भागातल्या माणसांच्या बोलण्यात दोन शब्द सतत येतात, ‘पित्त’ आणि ‘उष्टे’. एक पोटातला, दुसरा तोंडातला. या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध असेल असे कोणाच्या मनात येत नाही. पण गेल्या चाळीस वर्षांत पोटातला एक जंतू सापडला, तो दातांवरच्या किटणात आणि लाळेत आढळल्याचे संशोधकांनी नोंदवले, आणि घशापर्यंत चढणाऱ्या आम्लाच्या रोगाशी त्याचे काही नाते आहे का, असा प्रश्न विचारला गेला. तेव्हा हे दोन शब्द एकाच जागी येऊन ठेपले. ती जागा म्हणजे लाळ. तिच्याविषयी वैद्यकाने काय म्हटले आणि समाजाने काय मानले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

देश, कुळीथ आणि पोहे

अम्लपित्ताला चरक-सुश्रुतांनी स्वतंत्र अध्याय दिलेला नाही. पण चरकाला तो शब्द ठाऊक आहे. कोणत्या गोष्टीत कोणता पदार्थ अग्रेसर, याची एक लांबलचक यादी चरकसंहितेत आहे. तिच्यात अम्लपित्त उत्पन्न करणाऱ्यांमध्ये पहिला मान कुळथाला दिला आहे. आमच्याकडे भाताबरोबर कुळथाची पिठी हे पावसाळ्यातले नेहमीचे जेवण. त्यामुळे ही नोंद वाचून कोकणी माणसाला हसूही येईल आणि थोडी काळजीही वाटेल.

काश्यपसंहितेची यादी याहून मोठी आहे. आधीचे पचले नसता पुन्हा खाणे, शिळे खाणे, जेवता जेवता पाणी पिणे, जेवून दिवसा झोपणे, कुळीथ, भाजलेली धान्ये, पोहे, उसाचे पदार्थ. हा ग्रंथ नेपाळात सापडलेल्या खंडित हस्तलिखितावरून १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून, यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. म्हणजे अम्लपित्ताचे हे सविस्तर वर्णन आज आपल्या हाती आहे ते मुंबईच्या एका छापखान्यामुळे.

साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या माधवकराने आपल्या निदानग्रंथात या रोगाचे दोन मार्ग सांगितले : एक खाली जाणारा, अधोग, दुसरा वर चढणारा, ऊर्ध्वग. आंबट-कडू ढेकर, छाती आणि घसा यांची आग, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे त्याने नोंदवली. ऊर्ध्वग अम्लपित्त म्हणजेच आजच्या डॉक्टरांचा रिफ्लक्स, असे समीकरण मांडण्याची घाई करू नये. त्याच्या वर्णनात इतर अनेक व्याधी मिसळलेल्या असू शकतात. पण पोटातली आग घशापर्यंत चढते आणि घसा हा त्या रोगाचा भाग आहे, हे निरीक्षण मात्र स्पष्ट आहे. आधुनिक वैद्यकाने ते पुन्हा मिळवण्यासाठी बराच वेळ घेतला.

या साऱ्या विवेचनात लाळेला कारण म्हणून स्थान नाही. कारण आहे ते भूमीत आणि ताटात. रोग्याने वागणूक बदलावी किंवा मुलूख सोडावा.

आम्लाचे राज्य

युरोपात या रोगाचा विचार आम्लाच्या अंगाने सुरू झाला. विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली जठरातले आम्ल हे मिठापासून बनणारे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, असे दाखवले. विल्यम बोमाँट या अमेरिकी लष्करी डॉक्टरने बंदुकीच्या जखमेने पोटाला कायमचे भोक पडलेल्या एका माणसाच्या जठरात डोकावून केलेले प्रयोग १८३३ साली छापले. १८३६ साली थिओडोर श्वान याने जठररसातला दुसरा कार्यकर्ता शोधला, पेप्सिन. मांस विरघळवणारा हा पदार्थ पुढे आपल्या कथेत महत्त्वाचा ठरणार आहे.

१९१० साली कार्ल श्वार्त्स या शल्यवैद्याने सूत्र मांडले : आम्ल नाही तर व्रण नाही. पुढची सत्तर वर्षे हेच सूत्र चालले. मग आम्ल वाढते कशाने? काळजीने, घाईने, जागरणाने, तिखटाने. व्रणाचा रोगी म्हणजे स्वभावाने चिंतातुर माणूस, ही समजूत डॉक्टरांपासून घराघरांत पोहोचली. मुंबईत गिरणीत पाळी करणारे, खानावळीत जेवणारे आणि गणपतीला-शिमग्याला गावी येणारे आमचे चाकरमानी या वर्णनात अचूक बसत. ‘फार विचार करतोस म्हणून पित्त होतं’ हे वाक्य मी अनेक जुन्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. त्यात सहानुभूती असते, पण ठपकाही असतो.

घरगुती उपचार मात्र शांतपणे चालू होते. खाण्याचा सोडा, मोरावळा, भिजवलेल्या आमसुलाचे पाणी. आमसूल स्वतः आंबट असून पित्तावर द्यायचे, हे बाहेरच्या माणसाला कोडे वाटते. आमच्याकडे त्याविषयी कोणाला शंका नसते.

१९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारे औषध बाजारात आले आणि नंतरच्या दशकात त्याहून प्रभावी गोळ्या आल्या. व्रण भरू लागले, गोळी थांबवली की पुन्हा उघडू लागले. रोग बरा होत नव्हता, दबत होता.

रेल्वेतल्या डॉक्टरचा प्रश्न

याच काळात भारतात एका रेल्वे-डॉक्टरने वेगळा प्रश्न विचारला. डॉ. एस. एल. मल्होत्रा हे रेल्वेच्या वैद्यकीय सेवेत होते. पुढे मुंबईत पश्चिम रेल्वेत असताना त्यांनी आपले बरेच संशोधन प्रसिद्ध केले. रेल्वे हे अशा अभ्यासाचे उत्तम क्षेत्र होते. देशभर एकाच प्रकारची नोकरी, सारखे पगार, सारखे दवाखाने, सारख्या नोंदी. बदलत होते ते मुख्यतः जेवण. १९६४ साली एका ब्रिटिश नियतकालिकात त्यांनी दाखवले की भात खाणाऱ्या दक्षिण भारतात पक्वाशयाच्या व्रणाचे प्रमाण गहू खाणाऱ्या पंजाबपेक्षा कितीतरी अधिक आहे. तिखट आणि काळजी दोन्हीकडे होतीच.

मल्होत्रांचे स्पष्टीकरण लाळेपाशी येऊन थांबते. चपाती किंवा भाकरी चावावी लागते. चावताना लाळ सुटते, ती घासात मिसळते, आणि लाळेतले क्षार व चिकट श्लेष्म आम्लाची धार बोथट करतात. पातळ आमटी किंवा सार घातलेला भात जवळजवळ गिळला जातो. लाळ सुटायला वेळच मिळत नाही. १९७८ साली त्यांनी मुंबईतला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. व्रण भरून आलेल्या ४२ रुग्णांपैकी निम्म्यांना कोंड्यासकट गव्हाच्या आहारावर ठेवले, निम्मे नेहमीच्या भातावर राहिले. पाच वर्षांत भात खाणाऱ्यांपैकी ८१ टक्के रुग्णांचा व्रण उलटला. गहू खाणाऱ्यांपैकी फक्त १४ टक्क्यांचा.

रुग्णांची संख्या लहान होती, आणि केवळ चावण्याचा परिणाम की धान्यातल्या एखाद्या घटकाचा, हे त्यावरून ठरत नाही. म्हैसूरच्या मिशन रुग्णालयात अनेक वर्षे काम केलेले शल्यवैद्य फ्रँक टोवी यांनी पुढे हाच धागा धरून धान्यांतल्या स्निग्ध घटकांकडे लक्ष वेधले. पण माझ्या दृष्टीने मल्होत्रांचे महत्त्व वेगळे आहे. पोटाच्या रोगाच्या चर्चेत लाळेला त्यांनी साक्षीदार म्हणून उभे केले, आणि तेही रक्षणकर्ती म्हणून. आंबेनळीच्या खाली भात आणि वर ज्वारी-बाजरीची भाकरी, ही आपली जुनी विभागणी या चर्चेत सहज बसते. अर्थात पोलादपूरच्या डोंगरउतारावरचा माणूस नाचणीची भाकरीही खात आला आहे. त्यामुळे ही रेघ वाटते तितकी सरळ नाही.

जंतूचे दर्शन

जठरात जंतू असतात हे पहिल्यांदा दिसले ते १८९३ साली, इटलीत जुलिओ बित्सोत्सेरो याला, कुत्र्याच्या जठरात. १८९९ साली क्राकूच्या वालेरी याव्होर्स्की याने माणसाच्या जठरातून काढलेल्या पाण्यात नागमोडी जंतू पाहिले. पण १९५४ साली एडी पामर या अमेरिकी डॉक्टरने हजाराहून अधिक रुग्णांचे नमुने तपासून काही सापडले नाही असे जाहीर केले, आणि इतक्या तीव्र आम्लात जंतू जगत नाहीत हे गृहीत पक्के झाले.

१९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन या विकृतितज्ज्ञाला ते पुन्हा दिसले. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याला येऊन मिळाला. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे जंतूंच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि हा हळू वाढणारा जंतू प्रथमच प्रयोगशाळेत वाढला. १९८४ साली मार्शलने तो जंतू स्वतः पिऊन पाहिला. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, घरच्यांना त्याच्या तोंडाचा वास जाणवू लागला आणि तपासणीत जठराला सूज दिसली. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचे आजचे नाव १९८९ सालचे. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या यादीत घातले. २००५ साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळाले. आम्लात जगण्याची त्याची युक्ती साधी आहे. तो युरिएज नावाचे द्रव्य बनवतो, त्याने युरियापासून अमोनिया तयार होतो आणि जंतूभोवतीचे आम्ल निवते.

यानंतरचा एक टप्पा मुंबईत घडला, आणि आपल्याकडे त्याची फारशी आठवण ठेवली गेलेली नाही. १९९१ साली डॉ. एच. जी. देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्कँडिनेव्हियन नियतकालिकात लेख लिहून विचारले की दातांवरचे किटण हे या जंतूचे कायमचे कोठार तर नाही? त्यांनी तपासलेल्या जवळजवळ सर्व रुग्णांच्या दातांच्या किटणात चाचणीने जंतूची खूण दाखवली. तीन औषधांचा उपचार केल्यावर जठरातून ती गेली, दातांवरची मात्र गेली नाही. जगभर या लेखाचा हवाला दिला गेला आणि त्यावर आक्षेपही आले. ही चाचणी युरिएजवर आधारलेली होती, आणि तोंडात युरिएज बनवणारे दुसरे जंतूही राहतात. पुढे जनुकांवर आधारलेल्या चाचण्यांनी तोंडातले प्रमाण निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे दाखवले, बहुतेकदा मुंबईच्या आकड्याहून बरेच कमी. पण जंतू तोंडात कधी असतच नाही, असे मात्र कोणाला म्हणता आले नाही. १९९३ साली अमेरिकेत एका रुग्णाच्या लाळेतून जिवंत जंतू वाढवून दाखवण्यात आला.

मुंबईतच १९९० च्या दशकात झालेल्या रक्तचाचण्यांचे आकडे अधिक बोलके आहेत. चार वर्षांपर्यंतच्या मुलांत २२ टक्के, पाच ते नऊ वर्षांत ५६ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांत ८७ टक्के मुलांच्या रक्तात या जंतूच्या संसर्गाची खूण होती. म्हणजे हा जंतू भेटतो तो प्रौढपणी बाजारात वा हॉटेलात नव्हे, तर लहानपणी, घरात. आई, भावंडे, एका खोलीत झोपणारी माणसे, ओकारी, लाळ, अस्वच्छ हात, अपुरे पाणी हे त्याचे मार्ग मानले जातात.

घशापर्यंत

आता घशाकडे येऊ. १९६८ साली चेरी आणि मार्गुलीस या अमेरिकी डॉक्टरांनी स्वरयंत्रावरच्या जखमांचा संबंध पोटातल्या आम्लाशी जोडला. १९९१ साली, म्हणजे मुंबईचा दातांविषयीचा लेख आला त्याच वर्षी, जेमी कॉफमन यांनी २२५ रुग्णांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर हा रोग स्वतंत्र म्हणून ओळखला जाऊ लागला. यात छातीत जळजळ असेलच असे नाही. सकाळी आवाज बसणे, सारखे खाकरणे, कोरडा खोकला, घशात काहीतरी अडकल्याची भावना अशी त्याची लक्षणे आहेत. अन्ननलिकेला आम्ल सोसण्याची थोडीफार सवय असते. स्वरयंत्राला ती नसते. पेप्सिन वर चढून तिथल्या नाजूक त्वचेत शिरून बसते, असे मानले जाते. म्हणूनच लाळेतले पेप्सिन मोजून रोग ओळखण्याचे प्रयत्न झाले. श्वानने १८३६ साली जठरात शोधलेला पदार्थ आता थुंकीत शोधला जातो.

मग लाळेतल्या जंतूचे काय? काही अभ्यासांत घशाच्या रिफ्लक्सच्या रुग्णांमध्ये हा जंतू अधिक आढळला. काहींत निरोगी माणसांइतकाच. जिथे अधिक आढळला तिथेही तो पोटातून आम्लाबरोबर वर आला, की तोंडातच राहत होता, हे निश्चित करणे अवघड असते. शिवाय एक उलटी गुंतागुंत आहे. जंतूने जठराचा वरचा भाग वर्षानुवर्षे झिजवला, तर आम्ल कमी बनते आणि रिफ्लक्स वाढण्याऐवजी घटू शकतो. म्हणून व्रणासाठी किंवा कर्करोगाच्या धोक्यासाठी या जंतूवर उपचार करण्याला भक्कम आधार आहे. केवळ घसा खवखवतो म्हणून तसा उपचार करण्याला तितका नाही. पोटातला संसर्ग ओळखण्यासाठीही श्वासाची, विष्ठेची किंवा दुर्बिणीची तपासणी भरवशाची मानली जाते, लाळेची नव्हे.

आमच्या भागापुरते यात एक सांगणे महत्त्वाचे आहे. रात्रभर भजन करणारे, जाखडीत शक्ती-तुऱ्याचे सवाल-जबाब गाणारे बुवा आणि शाहीर आवाज बसला की त्याला गाण्याचा ताण म्हणतात; बायका मशेरी लावतात, पुरुष तंबाखू खातात, आणि घसा धरला की सगळेच ‘पित्त झालंय’ म्हणतात. गाण्यानंतर मध्यरात्री जेवून लगेच आडवे होणे हे रिफ्लक्सचे कारण असू शकते आणि ते बदलता येते. पण आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसून राहिला, गिळताना दुखू लागले, थुंकीत रक्त दिसले, तर ‘पित्त’ हा शब्द बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून स्वरयंत्र पाहून घेतले पाहिजे. या एका शब्दाखाली घशाचा कर्करोगही दडून राहू शकतो.

उष्ट्याचा कायदा

आता दुसऱ्या शब्दाकडे वळतो. जंतूंविषयी बोलणे निघाले की हल्ली एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी उष्टे निषिद्ध मानले. वरवर पाहता तो पटण्यासारखा आहे. जंतू लाळेतून जातो. उष्टे म्हणजे लाळ लागलेले. म्हणजे उष्ट्याचा नियम हा आरोग्याचा नियम.

नियम आरोग्याचा असेल तर तो सर्वांना सारखा लागू व्हायला हवा. आमच्या तालुक्यांतल्या वयस्कर बायकांना मी जेवणाच्या जुन्या रीती विचारत आलो आहे. त्यांच्या सांगण्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायकोने जेवावे. बायकोच्या ताटात नवऱ्याने कधीच नाही. दात न आलेल्या मुलाला आईने किंवा आजीने घास चावून मऊ करून भरवावा. त्याला उष्टे म्हणत नसत. आणि उरलेले, खरकटे अन्न गावकुसाबाहेरच्या माणसांना घालावे. त्यांच्या हातचे मात्र पाणीही चालत नसे. लाळ वरून खाली जाऊ शकत होती, खालून वर नाही.

मनुस्मृतीत हाच क्रम लिखित स्वरूपात आहे. शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत, असे ती सांगते. तोंडातून उडालेल्या तुषारांनी मात्र माणूस उष्टा होत नाही, अशी सवलतही तिथे आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधावे लागे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’वरच्या आपल्या प्रसिद्ध भाषणात नमूद केले आहे. थुंकीचे भय होते. पण ते रोगाचे नव्हते.

या कायद्याला सर्वांत मोठे आव्हान मिळाले ते घाटाखाली, आमच्या महाडात. १९२३ साली सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले, पण पाणी प्यायला कोणी धजले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, आणि पुढे शेणगोमूत्रादी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. जे तळे माणसाच्या ओंजळीने बाटले, ते शेणाने शुद्ध झाले; आरोग्याच्या नजरेने या विधीचा अर्थ लावायचा म्हटले तरी लागत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला चालत राहिला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

मार्च १९२७ च्या त्या परिषदेत आंबेडकरांनी पाण्याइतकीच आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगितली. मृत जनावरांचे मांस सोडा आणि उष्टे तुकडे खाणे सोडा. महाडचा संग्राम पाण्याचा म्हणून आपण लक्षात ठेवतो. तो उष्ट्याचाही होता. पाणी घेण्याचा हक्क आणि उष्टे नाकारण्याचा हक्क या एकाच मागणीच्या दोन बाजू होत्या.

लाळ काय सांगते

आता दोन्ही धागे एकत्र आणतो. उष्ट्याचा कायदा खरोखर रोगापासून बचाव करणारा असता, तर तो शतकानुशतके पाळणाऱ्या समाजात हा जंतू विरळ आढळायला हवा होता. मुंबईच्या मुलांमधला ८७ टक्क्यांचा आकडा याच्या अगदी उलट सांगतो. ज्या लाळेला हा कायदा घाबरत होता ती परक्याची लाळ होती. जंतूचा प्रवास मात्र घरच्यांकडून घरच्यांकडे, मायेने भरवलेल्या घासातून, एका खोलीतल्या अंथरुणांतून आणि अपुऱ्या पाण्यातून झाला. कायद्याने जिथे सवलत दिली होती, नेमकी तीच वाट जंतूला मोकळी होती.

आणि हा जंतू किती जुना? जगभरच्या माणसांतले त्याचे वंश तुलनेने तपासून संशोधकांनी दाखवले आहे की माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हापासून, सुमारे साठ हजार वर्षे तरी, तो माणसाबरोबर आहे. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जठरातला जंतू २०१६ साली वाचण्यात आला. आजच्या युरोपीय जंतूंपेक्षा त्याचे नाते मध्य आणि दक्षिण आशियात आज आढळणाऱ्या जंतूंशी अधिक जवळचे निघाले. गावकूस नव्हते, जाती नव्हत्या, शिवाशिव नव्हती, तेव्हापासून हा पाहुणा माणसांच्या पोटात आहे. त्याने वर-खाली असा भेद कधी केला नाही.

पण जंतू सापडला म्हणून बाकी सारे खोटे ठरले, असेही नाही. भात खाणाऱ्या आणि गहू खाणाऱ्या दोन्ही भागांत संसर्ग भरपूर आहे. तरी व्रणाचे प्रमाण सारखे नव्हते. हा टोवींनी पुढे केलेला मुद्दा मल्होत्रांचा प्रश्न जिवंत ठेवतो. काश्यपाने ताटाकडे आणि भूमीकडे बोट दाखवले तेव्हा तो अगदीच चुकीच्या दिशेने पाहत नव्हता. रोगाला अनेक हात लागतात. जंतू हा त्यातला एक, अन्न दुसरा, पाणी आणि दाटीवाटीची वस्ती तिसरा. देश सोडून जाण्याचा सल्ला आज कोणी देणार नाही. पण ज्या घरांत पाणी पुरेसे आले आणि माणसांची दाटी कमी झाली, तिथल्या मुलांमध्ये हा संसर्ग घटला, असे अनेक देशांत दिसून आले आहे. जिथे होतो तिथेच देश बदलता येतो, एवढा फरक पडला आहे.

ठपक्याचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. कधी भूमीला, कधी कुळथाला, कधी माणसाच्या चिंतातुर स्वभावाला, तर कधी बाहेरच्या माणसाच्या सावलीला आपण दोष देत आलो. आता जंतू ठाऊक झाल्यावर चावून घास भरवणाऱ्या आईला दोष देण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. तिने मुलाला जगवले. जंतू दिसण्याची सोय तिच्या काळात कोणालाच नव्हती. आता ती आहे, म्हणून आज मुलाला भरवताना घास चावण्याऐवजी तो हाताने कुस्करावा, हात धुवावेत, आणि घरात कोणाला व्रण किंवा जठराचा कर्करोग झाला असेल तर इतरांच्या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. इतके पुरेसे आहे.

लाळ ही जुनी, अबोल साक्षीदार आहे. तिने पोटाचा रोग वर आणला, घशाचा रोग दाखवला, आणि आमच्या घरांतल्या ताटांचा क्रमही उघड केला. पूर्वजांच्या शहाणपणाचा दाखला म्हणून उष्ट्याच्या कायद्याकडे बोट दाखवणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. शहाणपणाचा दाखला हवा असेल तर तो महाडात आहे. १९२७ सालच्या मार्चमध्ये ज्यांनी तळ्याचे पाणी प्यायले आणि उष्टे तुकडे नाकारायचे ठरवले, त्यांना जंतूशास्त्रातले काही माहीत असण्याची गरज नव्हती. स्वच्छ पाणी आणि ताजे अन्न हा प्रत्येकाचा हक्क आहे, ही त्यांची मागणी होती. या जंतूविरुद्ध आज कोणताही आरोग्य अधिकारी जी पहिली शिफारस करील, तीही याहून वेगळी नाही.